नाव झाकून वाचा

रशीदसरांना कुणी आपली वेबसाइट दाखवली, की ते आधी पडद्यावर पंजा ठेवत. वरचं दुकानाचं नाव झाकलं जाई. मग चष्म्यावरून बघत विचारत, "आता सांगा, हे दुकान कुठलं?" खाली मजकूर असे : ग्राहकांचा विश्वास, उत्तम दर्जा, तत्पर सेवा. समोरचा पंज्याखाली डोकावू बघे. "टायरचं हाय का टॉवेलचं? मालक असून तुमाला कळंना, तर त्या सर्चला कसं कळावं?" भजी खाताखाता त्यांचं शिकवणं चाले, त्यामुळे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तेलकट पंजा कायमचा उमटलेला.

सोलापूरच्या भवानी पेठेत, मागांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा संगणकाचा क्लास होता; तिथंच ते दुकानदारांना वेबसाइटही करून देत. मी तिथं टायपिंग शिकवायची. खालच्या खटखटाटामुळे सर ओरडूनच बोलत, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. एका टायरवाल्याला आपल्या पानावर प्रत्येक ओळीत 'सोलापुरात नंबर वन' हवं होतं. सरांनी त्याला हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. "दुकानात गिऱ्हाईक आलं की तुमी दर वाक्याला नंबर वन म्हणता का? येडा समजून पळंल की." असा चालून आलेला धंदा घालवू नका, असं मी म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण चंद्राबाईंच्या वेळी माझंही डोकं फिरलं. चंद्राबाई शेजारच्या गल्लीत राहतात, कडक भाकरी करून विकतात. गल्लीतल्याच चार बायका त्यांच्याकडे कामाला. सरांनी त्यांना एक साधं पान करून दिलं होतं आणि त्यावरून पुण्या-मुंबईची माणसं भाकरी मागवत. मग एका हॉटेलात कुणा कोटवाल्या तज्ज्ञाचं शिबिर झालं. 'आठवड्यात सर्चच्या पहिल्या पानावर' असं त्याचं वचन. चंद्राबाईंच्या लेकानं पान त्याच्या हवाली केलं.

त्या गृहस्थानं 'सोलापूर कडक भाकरी' हे शब्द पानभर कोंबले, तेही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसू नयेत आणि सर्चला मात्र दिसावेत. वर कुठल्या कुठल्या भंगार साइटींवर पैसे देऊन त्या पानाच्या लिंका लावल्या. पान वर गेलं, आणि लबाडी पकडली जाताच असं बुडालं की नाव टाकूनही सापडेना. गिऱ्हाइकांचे फोन थांबले. तज्ज्ञाचा फोन लागेना. चुली थंड पडल्या आणि चारही बायका घरी बसल्या. असल्या उद्योगाला लोक हुशारी म्हणतात. मी दरोडा म्हणते. तो माणूस आजही कोट घालून शिबिरं घेतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

चंद्राबाई जिना चढून आल्या. "सर, माझं काय चुकलं वो? भाकरी तर मी हाय तशीच करतीय की."

"तुमचं न्हाय चुकलं," सर म्हणाले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. "चोरी त्यानं केली, सजा तुमाला. बसा. फोनवर लोक काय इचारतात ते सांगा."

"किती दिस टिकती, प्रवासात मोडती का, कशासंगं खायाची."

सरांनी छुपे शब्द आणि भाड्याच्या लिंका काढून टाकल्या. चंद्राबाई सांगत गेल्या आणि त्यांच्याच शब्दांत प्रत्येक प्रश्नाचं मथळ्यासकट उत्तर पानावर चढलं. धगीला उभ्या केलेल्या भाकरीचे फोटो आले, मोबाइलवर पटकन उघडावेत म्हणून लहान केलेले, खाली कशाचा फोटो ते लिहिलेलं. शेंगाचटणीवाल्या एका दुकानदाराला, जो खरोखरच ही भाकरी विकायचा, त्याच्या साइटवर या पानाचा पत्ता द्यायला लावला. पान साफ केलंय, पुन्हा बघा, असं सर्चवाल्यांना कळवलं.

"आता?" चंद्राबाईंनी विचारलं.

"आता थांबायचं. पेरल्यावर रोज उकरून बघितलं तर उगवंल का?"

चंद्राबाई तरी रोज येऊन विचारायच्याच. कित्येक महिने गेले. मग एक फोन आला, मग दुसरा. पुढच्या संक्रांतीपर्यंत चारही बायका पुन्हा चुलीपुढे होत्या. आम्ही पेढे आणले, तर सर पेढा तोंडात घालून म्हणाले, "यात पेढे कसले? खरं हाय ते दिसायलाच पायजे. दिसत न्हवतं त्याचा राग करा."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं साइटवर श्रद्धांजली टाकली : 'दूरदृष्टीचे, अष्टपैलू, प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व हरपले. समाजाची न भरून निघणारी हानी.' मी वरच्या नावावर पंजा ठेवला. खाली कुणीही असू शकलं असतं, नगरसेवक, डॉक्टर, तो कोटवालासुद्धा. संतापानं मी तो मजकूर मोठ्यानं वाचला.

चंद्राबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या भाकरीचं एवढं लिवलं त्यांनी. आन त्यांचं एवढंच व्हय?"

म्हणून हे लिहायला घेतलं. काल चंद्राबाईंना वाचून दाखवलं, पण सरांचं नाव गाळून. कुणाबद्दल आहे तेही सांगितलं नाही. टायरवाल्याला जिन्यापर्यंत पोचवल्याचं आलं तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"कळलं," त्या म्हणाल्या. "फुडं वाच."