तांबडीची पहिली भाकरी

आमच्या वरवे गावातल्या घरात विज्ञान मला येतं आणि भाकरी येत नाही. दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत. पहिली मी सांगितली, दुसरी आपोआप कळली!

तर आमची तांबडी गाय गाभण होती. मागच्या खेपेला व्यायल्यावर तिची वार अडकली, वासरूही चार दिवसांत गेलं. सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) आठवडाभर धड जेवल्या नव्हत्या. म्हणून या वेळी गुरांच्या डॉक्टरांनी आधीच तांबं, जस्त, सेलेनियम असलेल्या भुकटीचा डबा दिला. "रोज एकच माप. जास्त झालं तर अपाय होईल," असं बजावलंही.

मी भोरला शाळेत विज्ञान शिकवते. अशी संधी कोण सोडतंय?

"आत्या, गाभणपणी शरीरावर ताण येतो, आतून गंज चढल्यासारखं होतं. ही खनिजं तो गंज थोपवतात."

"आतून गंज? मग गोडं त्याल पाजू का?"

"तुम्ही डब्याला हातच लावू नका. हे मोजून द्यायचं असतं!"

मी भुकटी पाण्यात ढवळून तांबडीपुढं ठेवली. तिनं हुंगलं आणि अख्खी बादली माझ्या साडीवर उलटवली. पण मी हार मानते होय! आमच्याकडे पहिली भाकरी गाईची. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच भाकरीच्या पिठात एक माप भुकटी मळायला लागले. आणि काय सांगू, भाकरी गोल! टम्म फुगलेली! ती गाईच्या ताटलीत ठेवून मी आवरायला पळायची. बाकीच्या भाकऱ्या आत्या थापायच्या, माझा डबाही त्याच भरायच्या.

शाळेत डब्यातली भाकरी बघून मैत्रिणी माझी वाहवा करायच्या. (ती आत्यांच्या हातची, हे मी कशाला सांगू?) फक्त हल्ली ती कचकच लागायची. शेवटी मी गिरणीवाल्याला चारचौघांत झापून आले!

पंधरवड्यात भुकटीचा महिनाभराचा डबा संपला.

"आत्या, भुकटी कुठं गेली?"

"जातीया कुठं? म्या रोज एक माप तिच्या आंबोणात कालवती. तुज्यानं गाय खाईना, म्हणून गपचिप."

"अहो, मी रोज भाकरीत घालते! दुप्पट गेलं तिच्या पोटात!"

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"थांब," आत्या म्हणाल्या. "कंची भाकरी? ती गोल?"

"हो, पहिली!"

"ती कुठं गाईला घातली? गाईला माझी घातली. तुज्या हातची गोल भाकरी तुज्या डब्यात! चार मास्तरणींना दिसू दे की, आमच्या सुनंला बी येतीया!"

"हॅलो, काय झालं गाईला?" डॉक्टर फोनवर विचारत होते.

"गाय बरी आहे," मी म्हणाले. "माझं सांगा."

त्यांनी हसू आवरून मला माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथं काही निघालं नाही. गिरणीवाल्याची माफी मागणं मात्र जड गेलं.

पुढं तांबडी सुखरूप व्याली. वार वेळेत पडली, कालवड तासाभरात उभी राहिली. बघायला आलेल्या प्रत्येकाला आत्या छाती काढून सांगत होत्या, "समदं आमच्या सुनंनं केलं. शिकल्याली हाय!" मला अभिमान वाटला, आत्यांचा.

आणि खोटं तरी काय त्यात? तांबडीला दुप्पट मापापासून मीच तर वाचवलं. रोज, मधल्या सुट्टीत, चावून चावून!