निर्दोष सरांची बदली

आमच्या शाळेतले खो-खोचे सर मुलींवर कधी आवाज चढवत नसत, अशी त्यांची अंबरनाथभर ख्याती होती. इतर शाळांचे प्रशिक्षक मैदानावर शिव्या घालायचे. आमचे सर हरलेल्या मुलींना लिंबू सरबत पाजायचे. पालकसभेत त्यांचं उदाहरण दिलं जाई. मी त्याच शाळेत गणित शिकवायचे आणि बदलापूरला, मांजर्लीत, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे सरांचा चढलेला आवाज मला चांगला ओळखीचा होता.

नव्वदनंतरची गोष्ट. एका दुपारी वहिनी, म्हणजे सरांची बायको, डावा हात ओढणीत अडकवून जिना उतरल्या. सोबत जांभूळ गावाहून आलेला त्यांचा भाऊ होता. दोघं आधी डॉक्टरकडे गेले आणि तिथून थेट पोलिसांत. संध्याकाळी सरांना मैदानावरूनच नेलं. शिट्टी गळ्यात तशीच होती म्हणे.

अटक झालेला मास्तर वर्गावर ठेवता येत नाही, म्हणून संस्थेने त्यांना निलंबित केलं आणि अर्धा पगार चालू ठेवला. स्टाफरूममध्ये हळहळ पसरली. “एवढा गुणी माणूस, करिअर घालवलं बाईने,” असं चित्रकलेचे सर म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जामिनावर सुटल्यावर सर उल्हासनगरला स्वतःच्या भावाकडे राहायला गेले. आमच्या डोक्यावर इतकी शांतता झाली, की वहिनींचा रेडिओ मला पहिल्यांदाच ऐकू आला. त्यांना जुनी नाट्यगीतं आवडायची, हे तेव्हा कळलं.

काही महिन्यांनी संस्थेचे सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले.

“बाई, तुम्ही शेजारी आहात. जरा वर चला माझ्याबरोबर. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे.”

वर गेल्यावर त्यांनी बसायच्या आतच सुरुवात केली. “वहिनी, संसार आहे. भांड्याला भांडं लागायचंच.”

“भांडंच लागलं,” वहिनी म्हणाल्या. “पितळेचं होतं.”

सेक्रेटरी पाणी प्यायले. मग मुद्द्यावर आले. सरांना शिक्षा झाली तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर पोटगी कुठून येणार? तेव्हा तक्रार मागे घ्यावी, यात वहिनींचंच हित आहे. सरांची चूक होती की नाही, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमची मुरबाडच्या पुढे एक शाळा आहे ना? मुलांची?”

“आहे.”

“तिथे मास्तरांना राहायला खोलीपण देता.”

“देतो. पण तिकडे जायला कोणी तयार होत नाही हो.”

“त्यांना तिकडे पाठवा. कायमचं. ही जागा माझ्याकडे राहील आणि ते इथे पाय ठेवणार नाहीत. मग मी काय बोलायचं ते सांगा.”

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून नदीकडे बघत बसले.

वकिलाने सांगितलं, की असली केस घरच्या घरी मागे घेता येत नाही. साक्षच फिरवावी लागते. म्हणून वहिनी उल्हासनगरच्या कोर्टात पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि “मी जिन्यावरून पडले” म्हणाल्या. सरकारी वकिलाने विचारलं, “मग तक्रारीत नवऱ्याचं नाव कसं आलं?”

“रागात सांगितलं असेल, साहेब.”

कोर्टाच्या भाषेत अशा साक्षीदाराला ‘फितूर’ म्हणतात. ज्यांचा हात मोडला त्या बाई फितूर ठरल्या आणि सर निर्दोष. शाळेत पेढे वाटले गेले. सर रुजू झाले, मागचा पगार मिळाला, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही झाला. लगेच त्याच आठवड्यात त्यांची मुरबाडकडे बदली झाली. सेक्रेटरी भाषणात म्हणाले, “ग्रामीण भागाला अशा नररत्नांची गरज आहे.” सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

वहिनींनी वरच्या घरात पाळणाघर सुरू केलं. माझी मुलगी तिथेच वाढली.

तीन-चार वर्षांनी सर एकदा आले. वर न जाता माझ्याकडे बसले आणि वहिनींना खाली बोलवायला सांगितलं. जिल्ह्याच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली होती. खेळाच्या हिशेबात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं, हे मीही मान्य करते. पण अर्जात प्रश्न होता: कधी अटक झाली होती का? निर्दोष सुटलेल्या माणसालाही तिथे ‘होय’ असंच उत्तर लिहावं लागतं. निवड समितीने शंका काढली होती.

“तू एवढंच लिहून दे, की ती तक्रार गैरसमजातून झाली,” सर म्हणाले. “कोर्टात म्हणालीच होतीस.”

वहिनींच्या कडेवर कुणाचं तरी बाळ होतं. त्याचं नाक पुसत त्या म्हणाल्या, “कोर्टात खोटं बोलले ते माझ्यासाठी. तुमच्यासाठी बोलायचं झालं, तर खरंच बोलेन. चालेल?”

सर उठले. चहा तसाच राहिला. जाताना माझ्याकडे वळून दुखावल्या आवाजात म्हणाले, “बघितलंत ना बाई? कोर्टाने सोडलं, पण लोक सोडत नाहीत.”

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सर मुरबाडच्या शाळेतूनच निवृत्त झाले. तिथली मुलं खो-खोत बरीच पुढे गेली, असं ऐकलं. आमच्या स्टाफरूममध्ये अखेरपर्यंत त्यांच्याविषयी एकच मत होतं: बिचाऱ्यावर फार अन्याय झाला. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या बाळांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

“झालाच असेल,” त्या म्हणाल्या. “जरा ते टोक धरा.”