केकवरचं नाव

हेस्टर टेमर्सच्या मुलाचं नाव व्हिटनी, आणि त्या नावाचा दुसरा माणूस नदीकाठच्या वेस्ट बँक वस्तीत औषधालाही सापडला नसता. शेजारीपाजारी सगळे डेव्हिड, पीटर, अब्राहम. हा एकटाच व्हिटनी. चौतीस साली नाताळानंतर आमच्या ईस्ट लंडनला (म्हणजे आफ्रिकेच्या खालच्या किनाऱ्यावरचं, वाऱ्याचं आणि वाळूचं ईस्ट लंडन) मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हा हेस्टर पोटुशी होती. तिचा नवरा हेन्ड्रिक बंदरावर कामाला. त्यानं मासळीचा एक खोका पालथा घालून तिला त्यावर उभं केलं, स्वतः शेजारी उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडला, आणि ज्याच्यासाठी ओरडत होता तो हरला. पहिला आला व्हिटनी नावाचा कुणी परका. घरी येताना हेन्ड्रिक म्हणाला, "मुलगा झाला तर व्हिटनी." हेस्टर म्हणाली, "अरे, तू तर त्याला शिव्या घालत होतास!" तर म्हणतो, "घातल्या. पण पहिला तोच आला ना?"

हेस्टरच्या या व्हिटनीला पुढं बसमध्ये बसलं तरी मळमळायचं. मोटारीचं त्याला काडीचंही प्रेम नव्हतं. एका छापखान्यात तो अक्षरं जुळवायचा आणि कामावर चालत जायचा. हेन्ड्रिक गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. हेस्टरनं केक करून घर चालवलं. लग्नाचे, बारशाचे, पन्नाशीचे. वेस्ट बँकेत हेस्टरच्या केकशिवाय मूल ख्रिश्चन होत नाही, असं लोक म्हणायचे आणि तीही ते नाकारायची नाही.

केकच्या बाबतीत तिचा एकच नियम होता: नाव सगळ्यात शेवटी. मागे एका लग्नाच्या केकवर तिनं आदल्या दिवशीच दोघांची नावं गुलाबी अक्षरांत घातली होती आणि नवरदेव पहाटेच्या गाडीनं पोर्ट एलिझाबेथला पळाला होता. तो केक नवरीच्या घरच्यांनी आठवडाभर रडत रडत संपवला. तेव्हापासून हेस्टर सगळा केक सजवून ठेवी, आणि जे व्हायचं ते नक्की झाल्याशिवाय नावाला हात लावत नसे.

बासष्ट साली बातमी आली, की जगज्जेतेपदाच्या मालिकेतली शेवटची शर्यत आपल्या गावात होणार. मे महिन्यात हॉलंडमध्ये सुरू झालेली मालिका नाताळानंतर हेस्टरच्या गल्लीच्या टोकाशी संपणार! तिचं वर्षभर घरात लक्ष राहिलं नाही. व्हिटनी छापखान्यातून शिळी वर्तमानपत्रं आणायचा, हेस्टर त्यातली चित्रं कापून पिठाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. एकीकडे स्कॉटलंडचा जिम क्लार्क, घरी मेंढ्या पाळणारा, लाजऱ्या चेहऱ्याचा. दुसरीकडे इंग्लंडचा ग्रॅहम हिल, नाकाखाली बारीक कोरलेली मिशी. तिचा जीव स्कॉटवर होता. बेल्जियम आणि इंग्लंड त्यानं जिंकलं, तर हॉलंड आणि जर्मनी मिशीवाल्यानं. इटली पुन्हा मिशीवाल्याला गेली तेव्हा हेस्टरनं दिवसभर कपाट उघडलं नाही. पावसुद्धा शेजारणीकडून आणला. ऑक्टोबरात अमेरिका स्कॉटनं मारली आणि दोघांचे तीन-तीन विजय झाले. ईस्ट लंडनला स्कॉट जिंकला तरच तो जगज्जेता. नाही तर मिशीवाला.

त्याच आठवड्यात व्हिटनीला मुलगा झाला.

मुलाला दोन महिने नाव नव्हतं. सगळे त्याला बूटी म्हणत, म्हणजे नुसताच बाळू. नाव अडलं होतं ते दोन आज्यांमुळं. व्हिटनीची बायको म्यूरिएल, तिची आई लव्हिनिया फीलिक्स. चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, हातमोजे घातल्याशिवाय दुकानात न जाणाऱ्या बाई. तीन वर्षांची सोयरीक, पण दोघी विहिणी एकमेकींना अजून मिसेस टेमर्स आणि मिसेस फीलिक्सच म्हणत.

"एबेनेझर," लव्हिनिया म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं नाव. आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवला त्यांनी."

"एबेनेझर?" हेस्टर म्हणाली. "अहो, पोराला हाक मारून होईतो पोर नदी ओलांडून जाईल."

"आणि तुमच्याकडे काय पद्धत? जो गाडी जोरात हाकील त्याचं नाव. उद्या गाढवांची शर्यत झाली म्हणजे?"

"गाढवाचं नाव नसतं ठेवत, मिसेस फीलिक्स. वरच्या माणसाचं ठेवतात."

म्यूरिएल मुलाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"ममी, बायबलात जेम्स आहे का?"

"आहे की. प्रेषित जेम्स."

"मा, तुमच्या त्या स्कॉटचं खरं नाव काय?"

"जेम्स. जिम म्हणजे जेम्सच."

"मग झालं. तो जिंकला तर जेम्स. नाही जिंकला तर एबेनेझर. शर्यत शनिवारी, बाप्तिस्मा रविवारी. आणि आता दोघींनी हळू बोला, हा आत्ता कुठं झोपलाय."

"आणि मिशीवाला जिंकला तर?" व्हिटनीनं विचारलं.

"ग्रॅहम बायबलात नाही," लव्हिनिया ताडकन म्हणाल्या. "माझं शोधून झालंय."

हेस्टरनं होकार दिला, पण त्या रात्री तिला चैन पडेना. मुलाला गाडीत मळमळतं. हा नातूच काय तो उरला. याचं नाव एबेनेझर पडलं म्हणजे हेन्ड्रिकची पद्धत त्या मासळीच्या खोक्यापाशीच संपली.

शनिवारी सकाळपासून गाव वेडं झालं होतं. हेस्टरचं घर गल्लीतलं शेवटचं. मागच्या कुंपणापलीकडे वाळूचा एक उंचवटा, त्यावरून समुद्राकडचा सरळ रस्ता आणि एक वळण स्वच्छ दिसायचं. पलीकडे गोऱ्यांच्या बैठका, अलीकडे बाकीच्यांसाठी दोरी, आणि हेस्टर म्हणायची, मला देवानं फुकटात बाल्कनी दिली आहे.

जेवणं उरकतायत तोच लव्हिनिया हजर. निळी टोपी, पांढरे हातमोजे, काखेत घडीची खुर्ची.

"तुम्ही कशाला आलात?" हेस्टर म्हणाली. "धूळ असते, आवाज असतो."

"तुमच्या तोंडून निकाल ऐकायला मी खुळी नाही. मी स्वतः बघणार."

उंचवट्यावर खुर्ची मांडून त्यांनी भजनांचं पुस्तक उघडलं. व्हिटनीनं आल्याच्या बीअरचा जग आणि उकडलेल्या गाईच्या जिभेचे गार काप आणून ठेवले. म्यूरिएल बूटीला छत्रीखाली घेऊन बसली. आणि मग समुद्राकडून तो आवाज आला. जमीन दातांत वाजायला लागली. वळणावरून पहिली गाडी सुटली ती हिरवी, मधोमध पिवळी रेघ.

"जिम!" हेस्टरनं उडी मारली. "बघा, बघा, पहिलाच!"

लव्हिनियांनी टोपी धरली. "आणि आपला कुठला?"

"तुमचा कुणी नाही. तुम्ही फक्त माझा हरायची वाट बघायची."

लव्हिनियांनी विचार केला. "कुणी हरावं म्हणून प्रार्थना करता येत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी तो दुसरा जिंकावा म्हणून करते. तो गडद हिरवा का? मिशीवाला?"

"तोच."

"तुमच्या कपाटातल्या चित्रात त्याची मिशी तर अगदी आमच्या बाबांसारखी आहे."

पहिल्या काही फेऱ्या त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. मग एक हातमोजा निघाला. मग दुसरा. भजनांचं पुस्तक वाळूत पडलं ते कुणी उचललं नाही. मिशीवाला समोरून गेला की लव्हिनिया अर्धवट उठून म्हणायच्या, "मिस्टर हिल, जरा मनावर घ्या!" पुढच्या फेरीला, "मिस्टर हिल, कृपा करून!" आणि त्यापुढच्या फेरीला नुसतंच, "अहो, हाका की!"

"ममी!" म्यूरिएल म्हणाली.

"तू गप्प बस. बाळाला वारा लागतोय."

पण स्कॉट ऐकत नव्हता. तो समोरून गेला, की हेस्टर बीअरचा घोट घेऊन, तोंड पुसून, लव्हिनियांकडे बघून घेई, आणि तोवर मिशीवाल्याचा पत्ता नसे. अर्ध्याहून अधिक शर्यत झाली. हेस्टर उठली.

"चला, मी नाव घालून येते."

"मा, संपू तर दे आधी," व्हिटनी म्हणाला. "तुझा नियम काय आहे?"

"नियम पळून जाणाऱ्या नवऱ्यांसाठी आहे. हा कुठं पळतोय? पळतोय तो पुढंच पळतोय. आयसिंग सकाळपर्यंत वाळायला नको?"

स्वयंपाकघरात तिनं पिशवीत हिरवं आयसिंग भरलं. गाड्यांच्या आवाजानं कपाटावरच्या बरण्या किणकिणत होत्या. J काढला, A काढला. असा हात तिचा वर्षानुवर्षांत चालला नव्हता. ती गुणगुणत होती. प्रत्येक अक्षराच्या पोटातून पिवळी रेघ ओढली, अगदी गाडीसारखी. शेवटच्या S ची शेपटी वळवत होती, तेवढ्यात बाहेरून अशी किंकाळी आली की तिला वाटलं, बाळ पडलं.

ती पिशवी हातात घेऊनच धावली.

बाळ छत्रीखाली होतं. लव्हिनिया खुर्चीवर उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या, उभ्या! "धूर!" त्या ओरडत होत्या. "धूर निघतोय! निळा!"

हिरवी गाडी वळणावरून आली ती मागे निळसर शेपूट घेऊन. पुढच्या फेरीला शेपूट आणखी जाड. जळक्या तेलाचा वास उंचवट्यावर आला. त्यापुढच्या फेरीला ती गाडी आलीच नाही. गर्दीतून एक लांब हुंकार उठला, आणि मग वळणावरून गडद हिरवी गाडी एकटीच सुटली.

"अगं हेस्टर!" लव्हिनियांनी खुर्चीवरूनच तिच्या गळ्यात हात टाकला. "अगं बघ, बघ ना! पुढं गेला गं आपला!"

खुर्चीचे पाय वाळूत रुतले आणि दोघी विहिणी एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. हेस्टरच्या मुठीतली पिशवी दाबली गेली आणि हिरव्या आयसिंगची पिचकारी लव्हिनियांच्या निळ्या टोपीवर उडाली. लव्हिनियांना पत्ताही नव्हता. त्या पुन्हा खुर्चीवर चढल्या होत्या. शेवटच्या फेऱ्या त्यांनी देवाला, मिस्टर हिलना आणि गाडीच्या प्रत्येक चाकाला वेगवेगळ्या हाका मारून काढल्या. झेंडा पडला तेव्हा त्या व्हिटनीला धरून नाचत होत्या आणि व्हिटनीला मळमळायला लागलं होतं.

हेस्टर घरात आली. चाकू गरम पाण्यात बुडवून केकसमोर बसली. एक बोल्ट सैल झाला म्हणे. सबंध वर्षाची शर्यत, आणि एक बोल्ट! तिनं J खरवडला. हिरवा डाग खालच्या पांढऱ्यात मुरला होता, तो काही जाईना.

सगळे आत आले. लव्हिनियांच्या घशातून आता नुसती हवा येत होती.

"मिसेस फीलिक्स, तुमचं नाव लांब आहे," हेस्टर मान वर न करता म्हणाली. "दोन ओळींत घालावं लागेल. एबे वर, नेझर खाली."

"ग्रॅहम," लव्हिनिया घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"काय?"

"ग्रॅहम घाला. एका ओळीत बसतंय."

"बायबलात नाही ते."

"बायबलात व्हिटनी आहे का?"

"हे बघा, शब्द म्हणजे शब्द," हेस्टरनं चाकू आपटला. "मी हरले. एबेनेझर ठरलं होतं, एबेनेझरच होणार. आणि त्या मिशीवाल्याचं नाव माझ्या घरात नको. मी त्याच्यासाठी ओरडले नाही."

"मी ओरडले की!" लव्हिनियांनी छातीवर हात मारला. "माझा आवाज गेला त्याच्यापायी. आणि तुमच्याकडची पद्धत कुठं गेली?"

"मला विचाराल तर..." व्हिटनी म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" दोघी एकदम म्हणाल्या.

म्यूरिएल भिंतीला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईतो. तिच्या हसण्यानं बूटी जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं.

हेस्टर चाकू हातात धरून बसली होती. पिठाच्या कपाटाचं दार उघडं होतं. आतून स्कॉट लाजत बघत होता, शेजारी मिशीवाला. तिला तो मासळीचा खोका आठवला, आणि त्यावर उभं राहून ऐकलेल्या हेन्ड्रिकच्या शिव्या. घातल्या, म्हणाला होता. पण पहिला तोच आला ना?

तिनं नाक पुसलं. "निळा रंग आणा तो. वरच्या फळीवर आहे," ती लव्हिनियांना म्हणाली. "हिरवा डाग दिसत राहील. मग मला बोलू नका."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मुलाला हातात घेऊन पुढं उभं राहायचा मान लव्हिनियांचा. पाद्र्यांनी पाण्यावर हात धरून विचारलं, "या बालकाचं नाव काय?"

लव्हिनियांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि फुंकर मारावी एवढाच आवाज निघाला. पाद्री वाकले. "काय म्हणालात?" लव्हिनियांनी मागे वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"ग्रॅहम!" मागच्या बाकावरून हेस्टर ओरडली. गाड्यांच्या आवाजावरून ओरडायची सवय होती तिला. ऑर्गनवाल्याचा हात पट्ट्यांवर पडला आणि सगळं चर्च दचकलं. "ग्रॅहम! ग्रॅहम टेमर्स!"

नंतर अंगणात केक कापला. निळ्या अक्षरांच्या आजूबाजूनं हिरवा डाग डोकावत होता, आणि पाहुणे विचारत होते, की ही काही नवी नक्षी आहे का. लव्हिनिया कालचीच टोपी घालून आल्या होत्या. टोपीवर आयसिंगचा हिरवा शिंतोडा वाळून बसला होता. हेस्टरनं रुमाल ओला करून तो पुसायला हात वर केला, तर लव्हिनियांनी तिचं मनगट धरलं आणि हळूच खाली केलं.