ओंडक्यावरची अळंबी

लेकीकडे जपानला गेले होते, तेव्हा तिने मला डोंगरातल्या एका गावी शिताके अळंबी बघायला नेलं. झाडांच्या सावलीत ओकचे ओंडके तिरके टेकवून ठेवले होते आणि त्यांच्या सालीतून तपकिरी छत्र्या वर आल्या होत्या. म्हाताऱ्या मालकाचे आजोबाही इथेच अळंबी पिकवायचे. आता त्याची मुलगी शेजारच्या शेडमध्ये भुशाच्या पिशव्यांवर बारा महिने पीक घेते. एका ओंडक्यावर हात ठेवून ती वडिलांना काहीतरी म्हणाली. माझ्या लेकीने सांगितलं, "हे अजून भिजायला हवेत, म्हणतेय." म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पाण्याचा पाइप उचलला.

साठी उलटलेल्या बाईने परक्याच्या मुलीवर जळावं हे शोभत नाही, पण मी जळले. आमच्या रानात अळंबी कुठे उगवते, हे माझ्या वडिलांना नेमकं ठाऊक होतं. ते दरवर्षी फक्त दादाला बरोबर न्यायचे. मी मागे लागले की म्हणायचे, "तू थांब घरी, आम्ही आणतो ना." मी अळंबी निवडायला आणि शिजवायला शिकले.

म्हाताऱ्याने माझ्या लेकीकरवी मला विचारलं, "तुमच्याकडे उगवते का?"

"उगवते," मी म्हणाले. "कुठे, ते माझ्या भावाला विचारावं लागेल."