अखत्यारीबाहेर

सूर्यकांत देवस्थळी अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या एका छोट्या अनुदानित मराठी शाळेच्या संस्थेने त्यांना मानद व्यवस्थापक केलं. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून व्हायचे, इमारत मात्र संस्थेची. सरकार आणि संस्था यांच्यातला पत्रव्यवहार देवस्थळींइतका नेटका कोण सांभाळणार?

त्या पावसाळ्यात मुलींचा संडास तुंबला आणि बंद झाला. मुख्याध्यापिका प्रमोदिनी गद्रे व्यवस्थापकांकडे आल्या. देवस्थळींनी शिक्षण विभागाला लिहिलं. विभागाने कळवलं, देखभाल संस्थेने करावी. देवस्थळींनी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. सभेला पुरेसे सभासदच आले नाहीत. मग त्यांनी विशेष अनुदानासाठी पुन्हा विभागाला लिहिलं.

"मुली दिवसभर पाणी पीत नाहीत हो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"बिल्कुल समजतं मला. पण प्रोसिजर असते ना, बाई."

आपण काम करतोय, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

सप्टेंबरमध्ये आठवीतली अहिल्या प्रार्थनेच्या वेळी कोसळली. तापाने फणफणली होती. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. देवस्थळी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा तिची आई हेमलता लगबगीने उठली आणि स्वतःचं स्टूल तिने पुढे केलं.

"सर, तुम्ही स्वतः आलात! आमचीच पोर हट्टी. पाणी पी, पाणी पी म्हणून रोज ओरडते मी तिला."

अहिल्येने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. तिने आईला कारण सांगितलंच नव्हतं. मोसंबीची पिशवी ठेवून देवस्थळी चोरासारखे जिना उतरले.

कार्यकारिणीची सभा तातडीने भरली. या वेळी सगळे हजर होते.

"विभागाची चौकशी येणार," अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले. "मुख्याध्यापिकेला नोटीस काढा. शाळेचा रोजचा कारभार त्यांच्याकडे असतो. देवस्थळी, मसुदा करा."

प्रमोदिनीबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

देवस्थळींनी पेन खिशाला लावलं. "इमारत आपली आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाई सांगत राहिल्या, मी टोलवत राहिलो. नोटीस माझ्या नावाने काढा."

"यार, असं भावनेच्या भरात बोलू नका!" भाऊसाहेब म्हणाले.

"प्लंबर उद्या येतोय. ठराव मागाहून करा."

दुरुस्ती चार दिवसांत झाली. एवढंसंच काम होतं, हेच त्यांना जास्त लागलं.

मग ते हेमलतेच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी उगाच ओरडत होते तिला?" एवढंच ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

अहिल्या बरी झाली, पण शाळेत परतली नाही. देवस्थळी राजीनामा घेऊन प्रमोदिनीबाईंकडे गेले.

"तुम्ही सुटाल, सर," बाई थंडपणे म्हणाल्या. "नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून पत्रं लिहील. थांबा तुम्ही."

ते थांबले. पुढे वर्षभराने सरोजिनी नगरच्या बाजारात मायलेकी स्वेटर निवडताना दिसल्या. अहिल्या चांगली उंच झाली होती, कशावरून तरी आईशी हसत होती. बोलावंसं फार वाटलं. पण त्या वळल्या तसे देवस्थळी टांगलेल्या कपड्यांच्या आड सरकले आणि त्या पुढे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.