मांजरीच्या मापाचं दार

क्रांती चौकामागच्या त्या सुतारमिस्त्रींना घाई ठाऊक नाही. कुठलंही काम सांगा, आधी लाकडावर तळवा फिरवतील, मग म्हणतील, "देखेंगे."

मागच्या दारात मांजरीसाठी झडप बसवायला मी त्यांना बोलावलं. आठ दिवस निवड करून ऑनलाइन मागवलेली झडप त्यांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक कुठंय?"

गिऱ्हाईक सोफ्याखाली होतं. मोटारसायकलखाली पाय सापडल्यापासून मांजर अंगणात गेलीच नव्हती. मी दूध ठेवलं तशी ती लंगडत बाहेर आली. मिस्त्री फरशीवर पालथे पडून तिचं चालणं बघत राहिले.

"लई जड हाय ही झडप, ताई. तिच्यानं ढकलणं व्हायचं नाय."

मला रागच आला. त्यांनी दाराला पार खालपर्यंत चौकोन कापला, झडपेऐवजी पातळ रबर लावलं. मग चष्मा काढून ओणवे झाले आणि कापलेल्या कडेवरून स्वतःचा गाल फिरवला. एका जागी थांबले. तिथं पॉलिश पेपर घासला, पुन्हा गाल लावून पाहिला.

चौथ्या दिवशी मांजर दारापाशी आली. त्याच कडेला तिनं गाल घासला आणि रबर ढकलून अंगणात गेली.