रुमालाखालचा तिसरा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणारा माणूस मी... हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

मी मुखेडचा, बैलांचा व्यापारी. कुणाच्या आधाराशिवाय धंदा उभा केला. धाकटा भाऊ संजू मला न विचारता आखातात गेला, आईच्या मातीलाही आला नाही. सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मग कळलं — खोलीतल्या भांडणात त्याच्या हातून विलास नावाचा सोबती मेला, आणि संजूला फाशीची शिक्षा झाली. तिथला कायदा असा, की मेलेल्याच्या बापाने लेखी माफी दिली तरच जीव वाचणार.

विलासचे वडील, नामदेवमामा, उदगीरजवळच्या खेड्यात राहतात. माफीचा कागद घेऊन भर दुपारी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. तेही जुने बैलवाले.

"संजूचा भाऊ ना तू? बोल, किती देतूस माझ्या लेकराचे?"

माझं डोकं सटकलं. "मामा, मी सौद्याला न्हाई आलो!"

"मग जन्मभर काय केलास? बाजारातला माणूस हायस, बाजारातल्यावानी बोल."

त्यांनी माझा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. मामांनी मूठ आवळली. म्हणजे सौदा नाही. मी नुसता ती मूठ धरून राहिलो. आई गेली तेव्हा न रडलेला मी, तिथे रडलो.

तेवढ्यात रुमालाखाली आणखी एक हात आला... गरम, राठ. माझ्या हातावरून पुढे सरकला आणि मामांचं एकेक बोट हळूच उलगडू लागला.

मामा दचकले. "दुसरा हात काढ तुझा!"

"ह्यो काय मामा, गुडघ्यावर हाय..."

त्यांनी रुमाल ओढला. खाली आमचे दोनच हात. मामा आपल्या उघड्या तळव्याकडे बघत राहिले.

"करंगळी वाकडी होती," ते पुटपुटले. "झाडावरून पडला होता विलास लहानपणी." मग रुमाल खांद्यावर टाकला — "आण कागद."

फाशी टळली. संजू अजून तुरुंगात आहे, पण जिवंत आहे. त्याचा फोन आला तेव्हा सहा वर्षांचा राग एकदम काढायचं ठरवलं होतं.

"दादा, त्यांनी मला माफ कसं केलं?" त्यानेच आधी विचारलं.

हजारो हात धरलेत मी, हाताच्या बाबतीत फसत नाही. त्याला म्हणालो, "विलासनं मूठ सोडवली मामांची."